चेंबरचं दार लावण्याआधी

"सिस्टर, ऑक्सिजनच द्यायचाय ना? मग वॉर्डातच मास्क लावा की. त्या नळकांड्यात कशाला झोपवताय?"

पहिल्या दिवशी येणाऱ्या पेशंटच्या, नाहीतर त्याच्या मुलाच्या-सुनेच्या तोंडी हा प्रश्न हमखास असतो. मी हायपरबॅरिक ऑक्सिजन युनिटमध्ये, म्हणजे बंद चेंबरमध्ये जास्त दाबाखाली ऑक्सिजन देतात तिथे, नर्स आहे, आणि कितीही घाई असली तरी या प्रश्नाचं उत्तर बसून देते. आपण आत का जातोय हे ज्याला उमगलंय तो पेशंट आत शांत पडून राहतो, कान दुखायला लागला तर अंगावर काढत नाही, आणि आठवडाभरात जखमेत काही फरक दिसला नाही म्हणून येणं सोडत नाही. म्हणून इथेही तिथूनच सुरुवात करते.

रक्तात ऑक्सिजन दोन वाटांनी फिरतो. जवळजवळ सगळा तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटून, आणि अगदी थोडा रक्तातल्या पातळ भागात, म्हणजे प्लाझ्मात विरघळून. धडधाकट माणसाचं हिमोग्लोबिन साध्या हवेतच ९७-९८ टक्के भरलेलं असतं. तेव्हा मास्कने कितीही ऑक्सिजन दिला तरी पहिल्या वाटेने फारसा जास्त जात नाही. दुसऱ्या वाटेवर मात्र भरपूर जागा असते, आणि ती जागा दाबाने उघडते. वायूवरचा दाब वाढला की तो द्रवात जास्त विरघळतो, हा हेन्रीचा नियम. साध्या हवेत १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर ऑक्सिजन विरघळलेला असतो. तीन अ‍ॅटमॉस्फिअर दाबाखाली, म्हणजे नेहमीच्या हवेच्या तिप्पट दाबाखाली, शुद्ध ऑक्सिजन घेतला की हाच आकडा ६ मिलिलिटरच्या आसपास पोचतो. पडून असलेल्या शरीराला १०० मिलिलिटर रक्तामागे लागतो तो साधारण तेवढाच.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही हे अ‍ॅमस्टरडॅमचे सर्जन इटे बुरेमा यांनी १९६० साली दाखवलं. त्यांनी डुकराच्या पिल्लांचं रक्त काढून त्याजागी तांबड्या पेशी नसलेलं द्रावण भरलं आणि त्यांना तीन अ‍ॅटमॉस्फिअरच्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजनवर ठेवलं. हिमोग्लोबिन जवळपास नव्हतंच, तरी ती जगली. नंतर रक्त परत दिल्यावर ती सावरलीही. त्या मुक्या जिवांबद्दल वाचताना मला आजही कसंतरी होतं, पण आमच्या सगळ्या कामाचा पाया त्या प्रयोगात आहे. पुढच्याच वर्षी त्यांचे सहकारी ब्रुमेलकाम्प यांनी गॅस गँगरीनच्या, म्हणजे मांस सडवणाऱ्या जंतुसंसर्गाच्या, रुग्णांवर ही पद्धत वापरून दाखवली. हा जंतू ऑक्सिजन नसलेल्या मांसात फोफावतो आणि तासातासाला पुढे सरकतो. भरपूर ऑक्सिजन मिळाला की त्याचं विष तयार होणं थांबतं. ऑपरेशन आणि अँटिबायोटिक यांना पर्याय नाही, पण चेंबरची जोड मिळाली तर कधी कधी जास्तीचा अवयव कापावा लागत नाही.

आमच्याकडे रोज दिसतो तो मात्र मधुमेहाच्या पायाचा पेशंट. टाचेला किंवा अंगठ्याखाली झालेली जखम, कित्येक महिने न भरलेली. नसा बधिर झालेल्या असल्यामुळे दुखत नाही, म्हणून घरात कुणी फारसं मनावर घेतलेलं नसतं. ड्रेसिंग सोडलं की तळ पिवळट-राखाडी दिसतो, कडा गुळगुळीत आणि आत वळलेल्या, जणू जखमेने भरायचं सोडूनच दिलंय. अशा जखमेभोवतीच्या त्वचेला आम्ही एक छोटा सेन्सर चिकटवतो आणि तिथवर किती ऑक्सिजन पोचतोय ते मोजतो. आकडा पाऱ्याच्या ४० मिलिमीटरच्या खाली असेल तर तिथलं मांस उपाशी आहे. मग हेच मोजमाप चेंबरमध्ये, दाबाखाली. तिथे तो २०० च्या वर गेला तर मला हुरूप येतो, कारण अशी जखम भरण्याची शक्यता बरीच चांगली असते. दाबाखालीही आकडा हललाच नाही तर रक्तवाहिनीच बंद आहे असं समजायचं आणि पेशंटला आधी व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या, सर्जनकडे पाठवायचं. रस्ताच बंद असताना सिटिंगवर सिटिंग (चेंबरमधल्या एका वेळच्या उपचाराला आम्ही सिटिंग म्हणतो) देत राहणं ही त्या माणसाची फसवणूक होईल.

उपचार लागू पडत असेल तर साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तळाशी लाल, बारीक दाणेदार मांस दिसायला लागतं. ओल्या गॉजने हलकेच टिपलं की त्यातून टिपकाभर रक्त येतं. बाहेरच्या माणसाला ते रक्त बघून धास्ती वाटते. मला बरं वाटतं, कारण तिथे नव्या केशवाहिन्या आल्या आहेत. जखम सांधणाऱ्या पेशींना कोलॅजन विणायला ऑक्सिजन लागतो, पांढऱ्या पेशींना जंतू मारायला लागतो. सिटिंग संपल्यावर वाढलेला ऑक्सिजन काही वेळातच खाली येतो, पण रोज मिळणाऱ्या त्या इशाऱ्यावर शरीर नव्या वाहिन्या घडवतं. म्हणूनच एकदोन सिटिंगने काही होत नाही. दोन ते अडीच अ‍ॅटमॉस्फिअर, रोज सुमारे दीड तास, आठवड्याला पाच दिवस, आणि अशा ३० ते ४० सिटिंग. पण एक गोष्ट मी नातेवाइकांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगते: मेलेलं मांस वेळेवर काढलं नाही, साखर आटोक्यात नाही, आणि त्या पायावर वजन टाकून चालणं चालूच आहे, तर एकटा ऑक्सिजन काही करू शकणार नाही.

आता दाराकडे येते, कारण माझं खरं काम तिथे आहे.

चेंबर दोन प्रकारचे असतात. एकाच माणसाचा, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा, ज्यात बऱ्याचदा आतली सगळी हवाच शुद्ध ऑक्सिजनची असते. आणि दुसरा मोठा, पोलादी, ज्यात अनेक जण बसतात. आत साधी हवा दाबलेली असते आणि प्रत्येक जण मास्कमधून किंवा डोक्यावरच्या हूडमधून ऑक्सिजन घेतो. मोठ्या चेंबरमध्ये गळतीने आतल्या हवेतला ऑक्सिजन २३.५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा नियम. छोट्यात तर तो शंभर टक्केच. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण त्याच्यात एरवी न पेटणाऱ्या वस्तू पेटतात, आणि धुमसत बसत नाहीत, क्षणात भडकतात. दार तर आतून किंवा बाहेरून ताबडतोब उघडता येत नाही; आधी दाब उतरवावा लागतो.

३१ ऑक्टोबर १९९७ ला इटलीत मिलानमधल्या एका मोठ्या चेंबरमध्ये आग लागली. आतले दहा पेशंट आणि त्यांच्यासोबतची नर्स, अशी अकराही माणसं गेली. एका पेशंटजवळ हात गरम ठेवायचं छोटं साधन होतं, आग तिथून सुरू झाल्याचं सांगितलं गेलं. माझ्याच कामाची, माझ्यासारखीच सकाळी ड्युटीवर आलेली ती नर्स माझ्या मनातून कधी जात नाही. म्हणून माझी दाराजवळची तपासणी कुणाला जाचक वाटली तरी मी ती कमी करत नाही.

पेशंटने घरचे सगळे कपडे उतरवायचे आणि आमचा धुतलेला सुती गाऊन घालायचा. आतले कपडेसुद्धा नाहीत, कारण नायलॉन आणि पॉलिएस्टर घासलं की ठिणगी पडू शकते. मोबाइल, घड्याळ, लायटर, काडेपेटी हे लोकांना कळतं. पण केसांचं तेल, अंगाला चोळलेला बाम, ओठांवरचं व्हॅसलिन, परफ्यूम, हेअर स्प्रे, आदल्या रात्री लावलेलं नेलपॉलिश, दंडावर चिकटवलेला दुखण्याचा पॅच, हे सांगूनही लक्षात येत नाही. म्हणून मी नुसतं विचारत नाही, बघते. केसांवरून हात फिरवते, मानेजवळ वास घेते. ड्रेसिंग बाहेर केलेलं असेल तर ते पूर्ण सोडून बघते, कारण आत पेट्रोलियम जेलीचा गॉज असेल तर तो काढून ओल्या सलाइन गॉजने नव्याने बांधावा लागतो. शेवटी मनगटाला अर्थिंगचा पट्टा, म्हणजे अंगावरची वीज जमिनीत उतरवणारा, आणि त्याची जोडणी मीटरवर तपासल्याशिवाय दार लागत नाही. कालही तपासलं होतं, आजही तपासायचं. पेशंट तोच असला तरी आज घरून येताना त्याने काय लावलंय ते मला माहीत नसतं.

एक आजी होत्या, रेडिएशननंतर मूत्राशयातून रक्त जायचं म्हणून आमच्याकडे येत. दोन्ही कानांना श्रवणयंत्र. त्यातली बॅटरी आत चालत नाही, म्हणून ते काढावं लागे आणि मग त्यांना इंटरकॉमवरचं काहीच ऐकू येत नसे. पहिल्या दिवशी त्या घाबरून गेल्या. "तुमचं ऐकू येणार नाही, मग मी करू काय ग?" मग आम्ही दोघींनी खुणा ठरवल्या. हाताचा पंजा उघडा म्हणजे सगळं ठीक. कानाजवळ बोट म्हणजे दडे बसलेत, थांब. छातीवर हात म्हणजे बाहेर यायचंय. अ‍ॅक्रिलिकच्या पलीकडून मी दर थोड्या वेळाने पंजा दाखवायची आणि त्या दाखवायच्या. पुढे पुढे मी दाखवायच्या आधीच त्यांचा पंजा वर असायचा. लघवीतलं रक्त हळूहळू कमी होत गेलं, आणि एक दिवस त्यांनी कानाशी लागून सांगितलं, "आज पांढरं स्वच्छ."

दाब चढायला लागला की पहिली दहा-बारा मिनिटं सगळा जीव कानाशी असतो. एक अ‍ॅटमॉस्फिअरपासून दोनपर्यंत जाताना मधल्या कानातली हवा निम्म्यावर येते आणि पडदा आत ओढला जातो. घशापासून कानापर्यंतची नळी वेळेत उघडली तर नुसतं टक्कन वाजतं. नाही उघडली तर दडे बसतात, मग दुखतं, आणि तरीही दाब वाढवत राहिलो तर पडद्यामागे रक्त साकळतं, क्वचित पडदा फाटतोसुद्धा. या उपचारातला सगळ्यात नेहमी होणारा त्रास हाच, आणि तो टाळणं बहुतांशी नर्सच्या हातात असतं. मी आदल्या दिवशीच शिकवून ठेवते: आवंढा गिळा, जबडा डावी-उजवीकडे हलवा, नाक चिमटीत धरून गिळा. नाक धरून फुंकायचं झालं तर अगदी हलकेच. आणि दुखायची वाट बघू नका, दुखायच्या आधी करा.

मग मी काचेतून चेहरा बघत बसते. दडे बसलेला माणूस बोलायच्या आधी कपाळ आक्रसतो, मान एका बाजूला कलते, गिळण्याचा वेग वाढतो. तेवढ्यावर मी दाब थांबवते, थोडा मागे घेते, कान मोकळा होऊ देते, मग पुन्हा हळूहळू वर. कधी पाच मिनिटं जास्त लागतात, लागू देत. सर्दी झालेली असेल तर त्या दिवशीची सिटिंग रद्द. बेशुद्ध पेशंट आणि तान्ही मुलं गिळू शकत नाहीत. त्यांच्यासाठी कानाच्या डॉक्टरांकडून पडद्याला बारीक छिद्र पाडून घ्यावं लागतं किंवा नळी बसवून घ्यावी लागते. आत जाताना थोडं उकडतं, बाहेर येताना गार वाटतं आणि कधी धुकंही धरतं. दाब वाढला की हवा तापते, उतरला की निवते. हे आधी सांगितलेलं असलं की कुणी दचकत नाही.

कानानंतर माझा दुसरा पहारा मेंदूवर. दाबाखालचा ऑक्सिजन हे औषध आहे, आणि त्याचाही डोस जास्त होतो. फ्रान्सचे पॉल बेर यांनी १८७८ सालीच दाखवून दिलं होतं की जास्त दाबाच्या ऑक्सिजनने प्राण्यांना आकडी येते. म्हणून अर्धा तास ऑक्सिजन, मग पाच मिनिटं साधी हवा, पुन्हा अर्धा तास, अशी विश्रांती ठेवलेली असते. आकडी क्वचितच येते, हजारो सिटिंगमध्ये एखादी, पण ताप असेल, साखर उतरली असेल किंवा आधीपासून फिट्स येत असतील तर धोका वाढतो. येण्याआधी कधी कधी खुणा दिसतात: ओठाचा कोपरा किंवा गाल फडफडतो, मळमळतं, कानात घुणघुण होते, बाजूचं दिसेनासं होतं, किंवा एरवी शांत असलेला माणूस उगाच चिडचिड करायला लागतो.

आकडी आलीच तर पहिलं काम ऑक्सिजन थांबवून हवा सुरू करणं. आणि दुसरं, जे नव्या मुलींना मी पुन्हा पुन्हा सांगते: दाब उतरवायचा नाही. बाहेरून बघणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की लगेच दार उघडावं. पण आकडीत श्वास कोंडलेला असतो. अशा वेळी दाब कमी केला तर छातीत अडकलेली हवा फुगते आणि फुप्फुस फुटू शकतं. आकडी थांबून श्वास नीट सुरू होईपर्यंत आहे त्याच दाबावर थांबायचं. ते एक-दोन मिनिटं हात कंट्रोलवर ठेवून काहीही न करता उभं राहणं फार कठीण असतं, आणि बरोबर तेच करायचं असतं. याच कारणाने, छातीत हवा साठलेल्या आणि त्यावर उपाय न झालेल्या पेशंटला चेंबरमध्ये अजिबात घेत नाहीत. आधी एक्स-रे बघायचा, गरज असेल तर छातीत नळी टाकून घ्यायची. आणि कॅन्सरचे उपचार झालेले असतील तर कोणती औषधं घेतली होती ते नावानिशी विचारायचं, कारण ब्लिओमायसिनसारख्या औषधानंतर जास्त ऑक्सिजन फुप्फुसाला बाधू शकतो.

साखरेचं वेगळं सांगायला हवं. मधुमेही माणसाची साखर चेंबरमध्ये बऱ्याचदा उतरते. छोट्या चेंबरमध्ये मी आत हात घालून ग्लुकोज देऊ शकत नाही. बाहेर काढायला काही मिनिटं जातात. म्हणून आत जाण्याआधी साखर मोजायची, कमी असेल तर खायला घालून थोड्या वेळाने पुन्हा मोजायची, इन्सुलिन कधी घेतलं ते विचारायचं. "आज उपाशीपोटीच आलोय, लवकर आटपू म्हटलं," असं कुणी म्हणालं की मी त्यांना आधी खायला बसवते. घाई त्यांना असते, मला नसते.

मोठ्या चेंबरमध्ये, विशेषतः पेशंट व्हेंटिलेटरवर असेल तर, नर्स स्वतः आत जाते. आत गेल्यावर हवेचा प्रत्येक बुडबुडा वेगळा वागतो. श्वासनळीतल्या नळीचा फुगा हवेने भरलेला असेल तर दाबाखाली आकसून गळायला लागतो, आणि परत येताना फुगून श्वासनळी दाबतो. म्हणून आत जाण्याआधी त्यात हवेऐवजी सलाइन भरतो. ड्रिपच्या बाटलीखालच्या कुपीतली पातळी वरखाली होते. हे सगळं बघताना ती नर्स स्वतः दाबलेली साधी हवा घेत असते, म्हणजे तिच्या अंगात नायट्रोजन मुरत असतो. पेशंट ऑक्सिजनवर असतो, त्याला तो धोका नाही, तिला आहे. बाहेर येताना घाई झाली तर तोच नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपात सांध्यांत, मणक्यात अडकू शकतो. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल १८८३ साली खुला झाला, त्याच्या पायासाठी नदीच्या तळाशी दाबलेल्या हवेत काम करणाऱ्या मजुरांना हाच आजार जडला होता. पुलाचे मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग याच आजाराने खिळून पडले आणि त्यांच्या पत्नी एमिली यांनी काम पुढे नेलं. म्हणून शेवटच्या टप्प्यात आत गेलेली नर्सही मास्क लावून ऑक्सिजन घेते, ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त आत थांबत नाही, आणि लगेच विमानप्रवास करत नाही. गरोदर असेल तर तिला आत पाठवतच नाहीत. खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या अशाच आजारावर हाच चेंबर उपाय आहे: २.८ अ‍ॅटमॉस्फिअरला बुडबुडा आकसून सुमारे एक तृतीयांश होतो आणि ऑक्सिजन नायट्रोजनला बाहेर काढतो. ती सिटिंग जवळजवळ पाच तासांची.

एका प्रसंगी तर मशीनसुद्धा दिशाभूल करतं. बंद खोलीत शेगडी किंवा जनरेटर चालू ठेवून झोपलेली माणसं कार्बन मोनॉक्साइड घेऊन येतात. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट धरतो, आणि बोटाला लावलेला साधा पल्स ऑक्सिमीटर दोन्हींतला फरक ओळखत नाही. माणूस गुंगीत, डोकं दुखतंय, उलट्या होताहेत, आणि बोटावरचा आकडा ९८. त्या आकड्यावर विसंबून राहायचं नाही, रक्त तपासायला पाठवायचं. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर सव्वा तासाच्या आसपास, तीन अ‍ॅटमॉस्फिअरला साधारण २३ मिनिटं. २००२ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात चोवीस तासांत तीन सिटिंग दिलेल्यांपैकी २५ टक्के लोकांना सहा आठवड्यांनी स्मृती-एकाग्रतेचा त्रास उरला होता. साधा ऑक्सिजन घेतलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होतं.

पण सगळीकडे पुरावा इतका ठाम नाही, आणि हे आम्हीच सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. मधुमेहाच्या पायावर २०१० च्या स्वीडनमधल्या अभ्यासात वर्षभरात ५२ टक्के जखमा भरल्या, तर नुसती दाबाखालची हवा घेतलेल्यांत २९ टक्के. २०१८ च्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात मात्र पाय वाचण्यात स्पष्ट फरक दिसला नाही. तिथे अनेकांना सगळ्या सिटिंग पुऱ्याही करता आल्या नव्हत्या. रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात काढण्याआधी सरसकट सिटिंग द्यायची पद्धत बरीच वर्षं होती. २०१९ च्या ब्रिटिश अभ्यासात तिचा फायदा आढळला नाही. त्याच वर्षी उत्तर युरोपातल्या अभ्यासात रेडिएशनने बिघडलेल्या मूत्राशयाला मात्र फायदा दिसला. म्हणजे कुणाला द्यायचं हे निवडावं लागतं, आणि निवडायला मोजावं लागतं.

आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य असलेली आजारांची यादी पंधराच्या आसपास संपते. अचानक आलेला बहिरेपणा २०११ साली तिच्यात आला. ऑटिझम नाही, कॅन्सर बरा करणं नाही, तरुण दिसणं नाही. अमेरिकेतल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २०१३ मध्ये लोकांना याच बाबतीत सावध केलं होतं. गोष्ट जुनी आहे. क्लीव्हलंडमध्ये १९२८ साली ऑर्व्हल कनिंगहॅम यांनी अनेक मजली पोलादी गोल उभारून मधुमेहापासून कॅन्सरपर्यंत सगळ्यावर दाबलेली हवा द्यायला सुरुवात केली. पुरावा मागितला गेला, त्यांना देता आला नाही, आणि १९४२ साली तो गोल युद्धासाठी मोडीत निघाला.

माझ्याकडेही अशी आई येते. मूल बोलत नाही, कुणीतरी चाळीस सिटिंग घ्या म्हणून सांगितलेलं असतं, आणि ती सगळी आशा घेऊन समोर बसलेली असते. तिला नाही म्हणताना माझा आवाज कापतो, तरी म्हणते. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत मिशिगनमध्ये पाच वर्षांच्या एका मुलाचा छोट्या चेंबरमध्ये आग लागून जीव गेला. ज्या तक्रारींसाठी त्याला आत ठेवलं होतं त्या या यादीत नाहीत. प्रत्येक सिटिंगला थोडा का होईना धोका असतो, आणि तो पत्करायला तितकंच बळकट कारण लागतं. पाय कापायची वेळ आलेल्या माणसाकडे ते कारण असतं. त्या मुलाकडे नव्हतं.

तुमच्या घरी कुणाला हा उपचार सुचवला असेल तर जरूर विचारा: नेमक्या कोणत्या निदानासाठी, किती दाबाला, किती सिटिंगनंतर फायदा तपासणार आणि नाही झाला तर थांबवणार का. सिटिंग चालू असताना चेंबरसमोर कोण बसतं तेही विचारा. १.३ अ‍ॅटमॉस्फिअरच्या कापडी, फुगवायच्या चेंबरला कुणी हाच उपचार म्हणत असेल तर ते खरं नाही. तेवढ्या दाबाला वर सांगितलेले आकडे लागू होत नाहीत.

आणि चष्म्याबद्दल. वीसेक सिटिंगनंतर बऱ्याच जणांना लांबचं धूसर दिसायला लागतं, तर चाळिशीचा चष्मा लावणाऱ्यांना तो न लावता वाचता येऊ लागतं. डोळ्यातल्या भिंगावर ऑक्सिजनचा तात्पुरता परिणाम होतो, बहुतेकांची नजर काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होते. आधीच मोतीबिंदू असेल तर तेवढं डॉक्टरांना सांगून ठेवा, कारण खूप सिटिंगने तो वाढू शकतो. नवा चष्मा शेवटच्या सिटिंगनंतर तीन महिने तरी करू नका. गाडी चालवत असाल तर त्या काळात दुसऱ्याला चालवू द्या.